टोचायच्या आधी ओरडू नये

माझी मावशी माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायची, पायाकडं आधी. ओसरीवर बसलेली असली की अंगणात येणाऱ्याला "ये, बस" म्हणायच्या आधी "टाच टेकवंना गेलास, काय झालंय?" हा प्रश्न ठरलेला. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो, तेव्हा परतताना आईनं तिला विचारलं, "पोरगी नाकीडोळी कशी वाटली?" मावशी म्हणाली, "नाक काय बगितलं न्हाई मी. टाचंला भेगा न्हाईत. पाय राखणारी हाय, घर बी राखंल." या एका शिफारशीवर आपलं लग्न ठरलं, असं माझी बायको आजही येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगते आणि सांगता सांगता मावशीच्या आठवणीनं डोळ्याला पदर लावते.

रेणापूरजवळच्या तिच्या गावात सगळे तिला काटामावशी म्हणत. तिच्याहून वयानं मोठे असलेले म्हातारेसुद्धा. हातातल्या बांगडीला अडकवलेली एक पिन आणि बिब्ब्यांची एक पत्र्याची डबी, एवढ्यावर तिचा दवाखाना चालायचा. पावसाळ्यात चिखल्यांनी बोटांच्या बेचक्या कुजल्या की ती मेंदी वाटून भरायची आणि वर दम द्यायची, "पाय सगळेच धुतेत, पुसतंय कोण? बोटाच्या मदी फडकं घालत जा." हिवाळ्यात भेगांना मेण आणि खोबरेल. कुरूप असलं किंवा काटा खोल गेलेला असला, की मग बिब्बा. तो दिव्यावर धरायचा, सुई टोचायची आणि काळं तेल सुटलं की दुखऱ्या जागी टेकवायचा. असा चरका बसायचा की मोठमोठे मिशीवाले गडी देवाचं नाव घ्यायचे.

म्हातारपणी तिला जवळचं नीट दिसत नसे, पण काटा शोधायला तिला डोळे लागतच नव्हते. पाय मांडीवर घ्यायचा, पिनेच्या टोकानं दाबत जायचं आणि ऐकायचं. "हितं?" "न्हाई." "हितं?" "आई गं!" झालं, काटा सापडला. बिब्ब्याचंही तसंच. समोरचा कळवळला रे कळवळला की हात मागं. त्यामुळं तिच्या हातून कधी कुणाला जास्त पोळलं नाही.

तिला एकाच गोष्टीचा राग होता. सुट्टीत तिच्याकडं गेलो की मी रोज काटा मोडून घ्यायचो आणि ती बांगडीची पिन काढायला लागली की लगेच बोंब ठोकायचो. पोटरीवर चापट बसायची. "टोचायच्या आधी वरडू नको. लबाड वरडलास तर मला काटा सापडंल कसा? खरं दुखलं की मंग वरड, गाव गोळा कर." मी ओठ दाबून बसायचो. त्या पोटरीला अजून ती चापट आठवते.

पुढं मी लातूरला आलो, शिकवणीच्या क्लासेसशेजारी झेरॉक्सचं दुकान टाकलं. चष्म्यासाठी मावशीला इकडं आणलं तेव्हा तिला साखर असल्याचं कळलं, चांगली जुनी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, अनवाणी चालू नका, तळपाय रोज बघत जा, पायाची जाणीव कमी झालीय. मावशी माझ्याकडं बघून गालात हसली. गावाला पायाचं शिकवणाऱ्या बाईला कुणीतरी पाय बघायला सांगत होतं.

गोळ्या तिनं घेतल्या. चपलेचं मात्र जमलं नाही. बांधापर्यंत चप्पल असायची, बांधावर निघायची. काळ्या आईवर चप्पल घालून चालायचं नाही, हे तिला तिच्या सासऱ्यानं सांगितलेलं. मी मऊ तळव्याचे कापडी बूट नेऊन दिले, ते तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवले. "बूट घालून सोयाबीन काढू व्हय? लोक म्हणतील, काटामावशी काट्याला भ्याली!"

सोयाबीनच्याच काढणीत ते झालं. संध्याकाळी घरात फिरताना तिच्या पावलाचे ओले, लाल डाग फरशीवर उमटले, ते तिच्या मुलाला, दत्ताला दिसले. तळव्यात सोयाबीनचं धसकट घुसलं होतं आणि ते घेऊन ती दिवसभर वावरभर हिंडली होती. तिला त्याचं हसूच आलं. धसकट तिनं स्वतःच उपसून काढलं. आणि खबरदारी म्हणून बिब्बा लावला.

ते तिनं मला नंतर दवाखान्यात सांगितलं. "बिब्बा टेकवला अन् बसले वाट बगत. चरका बसंचना. म्हणलं, बिब्बा वाळलाय, तेल सुटंना झालंय. मंग दुसरा घेतला." साऱ्या गावाचं "आई गं" ऐकून हात मागं घेणारी ती बाई स्वतःच्या पायाच्या ओरडण्याची वाट बघत बसली होती.

दत्ताचा फोन आला तोवर तळवा काळा पडला होता. मी धावत गेलो तर मावशी चुलीपुढं भाकरी थापत बसलेली. "दुखंना तर दवाखाना कशाला रे?" मी समजावलं, चिडलो, बायकोला फोनवर बोलायला लावलं. दुखत नाही हेच दुखणं आहे, हे मी तिला परोपरीनं सांगत होतो आणि ती मलाच वेडा ठरवत होती. शेवटी ताप चढून ती ग्लानीत गेली तेव्हा आम्ही तिला उचलून गाडीत घातलं. आधी बोटं गेली, मग गुडघ्याखालून पाय गेला. होकार दत्तानं आणि मी दिला. दुसरं काय हातात होतं?

मग ती आमच्याकडंच राहिली. पेटीतले ते बूट दत्तानं आणून दिले, त्यातला उजवा आम्ही तिला घालू लागलो. ती मुकाट्यानं पाय पुढं करायची. तिनं नको म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

उरलेला पाय तपासायला नेताना रिक्षात तिनं विचारलं, "ह्यो बी काढतेत का रे?"

"न्हाई गं मावशी. जपलं तर न्हाई."

"अन् ह्येला बी कळत नसंल तर?"

मी वाकून तिच्या बुटाचा बंद घट्ट केला.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्यांनी हातात एक बारीक नायलॉनचा दोरा घेतला. "आजी, डोळे मिटा. दोरा लागला की सांगा." मावशीनं डोळे गच्च मिटले. दोरा अंगठ्याखाली टेकला. मावशी गप्प. चवड्यावर टेकला, टाचेवर टेकला. मावशी गप्प. नुसतं ऐकत होती ती, काटा शोधताना ऐकायची तशी. तिच्या कपाळावर घाम आला. डॉक्टरबाई दोरा टेबलावर ठेवून दिवा जवळ ओढायला वळल्या. पायाजवळ कुणाचाच हात नव्हता.

"आई गं!" मावशी ओरडली. "लागलं की! टाचंला लागलं. लई जोरात."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मावशीनं डोळे उघडले, तेही माझ्याकडंच बघायला. लहानपणी काटा निघाला का म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघायचो, तशी बघत होती. "बरूबर सांगितलं न्हवं?"

"हाव मावशी. बरूबर."

तिच्याच नियमानं पोटरीवर एक चापट बसायला हवी होती. मी तिचा पाय मांडीवर घेतला, पोटरीवर हात ठेवला आणि तिला विचारलं, "हितं?"

"हाव," ती म्हणाली, "हितं कळालंय."