उलटा कोपर

बाबांनी मिसळून ठेवलेल्या रंगाचा शेवटचा डबा मी यंत्राच्या नरसाळ्यात ओतला, आणि त्या यंत्राचं मनगट फिरवण्याचा क्रम मी आधीच चुकवून ठेवला होता.

बाबा सातिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि आमच्या जूचंद्र गावात रांगोळीवाले. माणसांचे चेहरे काढायचे, हुबेहूब. पांढऱ्या रांगोळीत गेरू, पिवळा आणि चिमूटभर काळा मिसळून ते चेहऱ्याचा रंग करायचे. प्रमाण कुणाला सांगितलं नाही. खरं तर मी कधी विचारलंच नाही.

ते गेले त्या वर्षी दिवाळी नव्हतीच. वर्षश्राद्ध झालं, पुढची दिवाळी जवळ आली, तरी आई ओट्यावर कुणाला रांगोळी टाकू देईना. ‘त्यांचा डबा आहे तो,’ एवढंच म्हणायची. मी मनात ठरवलं, या दिवाळीला त्याच डब्यातल्या रंगाने ओट्यावर बाबांचा चेहरा काढायचा. आता माझा हात असा, की माझी सहीसुद्धा दोनदा सारखी येत नाही. म्हणून विजेच्या छोट्या मोटारी आणून यंत्राचा हात जोडायला घेतला.

यंत्राच्या हातात गंमत अशी असते, की बोटांचं टोक एका ठिकाणी न्यायचं तर कोपर दोन्हीकडे वाकू शकतो. टोक तिथेच, कोपर मात्र या बाजूला किंवा त्या. हिशेब दोन्ही उत्तरं देतो, त्यातलं एक आपण निवडायचं. मी उजव्या हाताच्या माणसासारखं निवडलं होतं. पण प्रोग्राम लिहिताना एका जागी अधिकच्या ऐवजी उणे पडलं, आणि रविवारी दुपारी ओट्यावर यंत्र पहिल्यांदा हललं ते डावीकडे कोपर बाहेर काढून.

बाबा डावखुरे होते. कारखान्यात खांदा दुखावल्यापासून त्यांचा कोपर तसाच बाहेर यायचा, पंख फाकवलेल्या कोंबड्यासारखा. मी त्यावरून त्यांना हसायचो. त्या दुपारी मात्र मी वायर उपटली आणि पाच मिनिटं घरात जाऊन बसलो.

नंतर ते उणे मी दुरुस्त केलं नाही. रोज संध्याकाळी रंगाशिवाय, नुसता हात चालवून बघत बसायचो. मोटारींची कुरकुर ऐकली की आई स्वयंपाकघरातून यायची, उंबऱ्यात उभी राहायची. एकदा चहा घेऊन आली. माझा कप माझ्या हातात दिला आणि दुसरा यंत्राच्या डाव्या बाजूला ठेवला. मग तिच्याच लक्षात आलं. कप उचलून आत गेली. मी पुढचा तासभर पाठ भिंतीला लावून बसलो होतो.

दिवाळीच्या पहिल्या सकाळी आई फुलं आणायला गेल्यावर मी नरसाळं बसवलं आणि डबा रिकामा केला. आता चूक सांगतो. मोबाइल हातात उभा धरा. आधी पुढे पालथा करा, मग उजवीकडे वळवा. तेच उलट क्रमाने करा. मोबाइलचं तोंड भलतीकडेच जातं. हे मला पाठ होतं, मित्रांना चहाच्या टपरीवर शिकवलंही होतं. पण मनगटाच्या दोन वळणांचा क्रम मी स्वतःच उलटा लिहिला होता. इतके दिवस मनगट रिकामं होतं, ते कुठे तोंड करतंय हे कळायला काही मार्ग नव्हता. शिवाय मी मनगट बघतच नव्हतो. कोपर बघत होतो.

कोपर बाहेर आला, अगदी तसाच. मी वाकून जवळ गेलो. मनगट वळलं, वाकलं, नरसाळ्याने माझ्याकडे तोंड केलं, आणि सगळा डबा माझ्या तोंडावर, छातीवर, हातांवर.

पुसायला रुमाल काढला आणि थांबलो. माझे दोन्ही हात बाबांच्या हातांच्या रंगाचे झाले होते. यंत्र रिकाम्या नरसाळ्याने ओट्यावर चेहरा काढतच होतं. कपाळ, नाक, हनुवटी. ओट्यावर काहीच उमटत नव्हतं. मला ते बंद करवेना.

आई फुलांची पिशवी घेऊन पायरीशी उभी होती. कधीची, कोण जाणे. रिकामा डबा तिने उचलला, आत बघितलं, झाकण लावलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

“बापूस दर दिवाळीला हाक मारायचा,” ती म्हणाली, “ये, बाजूला बस, हात धरून शिकवतो म्हनून. तेव्हा तुझे गुडघे दुखायचे. आता त्याचा रंग तोंडाला फासून लोखंडाला शिकवतोस, गाढवा!”