पैऱ्याच्या बायका

स्टाफरूममध्ये माझ्या आईचे किस्से फार चालतात. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "सुमन मॅडम, आई काय म्हणतात? नवीन काही?" असतंच काहीतरी! गावाकडून आलेल्या रताळ्यांच्या पोत्यासारखं आहे ते, कितीही वाटली तरी तळाशी चार उरतातच. सगळे पोट धरून हसतात. त्यांना वाटतं आपण आईला हसतोय, आणि मीही तसं वाटू देते. खरं सांगायचं तर यातल्या एकाही किश्श्यात फजिती आईची झालेली नाही. लाज गेलीय ती माझी.

आधी पैरा म्हणजे काय ते सांगते. सांबऱ्याच्या पलीकडं आमचं गाव. भांगलणीला, म्हणजे तण खुरपायला, आणि कापणीला मजूर लावायची ऐपत आमच्या गल्लीत कुणाचीच नव्हती. मग आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. हाच पैरा. बारा-चौदा बायका होत्या त्यात. आणि नुसतं रान नव्हे, लग्नाच्या पोळ्या, पापड, बाळंतपण, मयत, सगळं पैऱ्यानंच चालायचं. वडील गेले, मला भाऊ नाही, म्हणून आईला मी बेळगावात फ्लॅटवर आणलं. आईबरोबर पैराही आला!

*

आल्या आल्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. खालच्या मजल्यावरच्या देशपांडे वहिनींनी आईला बाजारातून गाडीनं घरापर्यंत सोडलं. आई याच बिल्डिंगमध्ये राहते एवढंच त्यांना माहीत होतं, कुणाची कोण ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आई पदर खोचून त्यांच्या दारात!

"काय काम हाय सांगा."

वहिनी गडबडल्या. "आमच्याकडं बाई आहे हो. चौथ्या मजल्यावर विचारून बघा, त्यांची परवाच सोडून गेलीय."

आईला वाटलं, वहिनींचं काम चौथ्या मजल्यावर निघालंय. गेली! भांडी घासली, मेथी निवडली, गॅलरी धुतली आणि घरी येऊन मला म्हणाली, "फिटला पैरा."

संध्याकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. "तुमच्याकडच्या त्या मावशी काय सुंदर काम करतात हो! तुम्ही किती देता त्यांना?"

"माझी आई आहे ती," एवढं चार शब्दांचं वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "बघून सांगते." पुढं पंधरा दिवस मी लिफ्ट सोडून जिन्यानं ये-जा केली.

*

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर अगदी भला माणूस. पट्टी निघाल्यावर आईनं पहिला प्रश्न काय विचारावा? "डाक्टर, तुमचं रान कुठं हाय?"

डॉक्टर हसले. "आहे की, खानापूर रोडला. छोटंसं फार्महाऊस आहे." आईनं खोदून खोदून पत्ता विचारला. मला वाटलं, म्हातारी गप्पा मारतेय.

महिन्यानंतर एका गुरुवारी ऑफ पिरियडला डॉक्टरांचा फोन आला. आईनं गावाकडून अनसाक्काला बोलावून घेतलं होतं. अनसाक्का म्हणजे पैऱ्यातली तिची जोडीदारीण. भांगलणीत अख्ख्या गावात तिचा हात धरणारं कुणी नाही. दोघी पिशवीत खुरपी घालून बसनं गेल्या, वॉचमनला "डाक्टरांनी बोलीवलंय" म्हणून सांगितलं आणि दुपारपर्यंत डॉक्टरांचं लॉन भांगलून काढलं. मुळासकट!

आईनं डॉक्टरांच्या हातून फोन घेतला. "तण लई माजलंतं गं! पीक कुठं दिसलं न्हाय. आता बिनघोर पेरा म्हणावं."

मी फोनवर माफी मागून मागून अर्धी झाले. डॉक्टर एवढंच म्हणाले, "असू दे हो मॅडम. लॉनपेक्षा शेंगाच बऱ्या." आणि त्यांनी खरंच शेंगा पेरल्या! काढणीला आईला आणि अनसाक्काला बोलावणं आलं, गाडी पाठवून. मला नाही आलं.

*

आमच्या शाळेत ग्रँडपेरेंट्स डे असतो. मी गणिताबरोबर मूल्यशिक्षणाचा तास घेते, म्हणून प्रिन्सिपल मॅडमनी आईलाच स्टेजवर बोलावलं. "आजी, आमच्या सुमन मॅडम इतक्या शिस्तीच्या! लहानपणी तुम्ही त्यांच्यावर काय संस्कार केले?"

आईनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"कसलं संस्कार? पैऱ्याला चल म्हटलं की हिच्या पोटात दुखायचं. दर टायमाला! मग हिची पात अनसाक्का धरायची. आपली एक आन् हिची एक. धा वर्सं."

पात म्हणजे भांगलताना एकेकीच्या वाट्याला येणारी ओळ. हे हॉलमधल्या शहरी पालकांना कळलं नसेल, पण पोटात दुखणं सगळ्यांना कळलं. हॉलमध्ये हशा फुटला! मीही हसले, कान मात्र तापले होते.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात गृहपाठ मागितला, तर पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "मॅडम, पोटात दुखत होतं!"

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मला तिच्यावर रागावता आलं नाही. त्या दहा वर्षांत मी माडीवर पुस्तक उघडून बसायचे आणि माझ्या पोटात कधीच काही दुखत नव्हतं. अनसाक्काला ते माहीत होतं. "शिकतीया पोरगी, शिकू दे," म्हणायची. आज ती चालताना कमरेत वाकते, तेव्हा मला दुसरीकडं बघावं लागतं.

*

एक अगदी छोटा किस्सा. गौरीला, म्हणजे माझ्या लेकीला, टायफॉइड झाला होता तेव्हा आमच्या हिंदीच्या पाटील मॅडमनी आठवडाभर माझे तास घेतले. मी त्यांच्यासाठी चॉकलेटचा मोठा बॉक्स आणला. आईनं तो उलटासुलटा करून बघितला.

"ह्यो कशाला? तिचा तास घे की."

"आई, तसं नसतं गं इथं. थँक्यू म्हणायचं असतं."

"बरं," आई म्हणाली. "म्हंजे मिटलं?"

पुढं पाटील मॅडमच्या सासूबाई दवाखान्यात होत्या. मॅडम रोज धापा टाकत शाळेत यायच्या आणि मी समोर बसून पेपर तपासायचे. हा किस्सा मी स्टाफरूममध्ये सांगत नाही, कारण पाटील मॅडम तिथंच असतात.

*

आणि हा तर मी कुणालाच सांगितलेला नाही.

मागच्या वर्षी गौरीचं लग्न झालं. व्याही पुण्याचे. एसी हॉल, केटरर, वाढायला टोप्या घातलेली मुलं. पत्रिका मी गावाकडच्या आमच्या गल्लीत घरोघरी पाठवल्या होत्या. सकाळी साडेसहाला हॉलसमोर टेम्पो थांबला आणि त्यातून चौदा बायका उतरल्या. प्रत्येकीच्या काखेत फडक्यात बांधलेलं पोळपाट-लाटणं! सगळ्यात पुढं अनसाक्का.

"सुमे, चुलवाण कुठं हाय? डाळ शिजाय घातलीस का न्हाय?"

उत्तराची वाट न बघता त्या थेट किचनकडं निघाल्या. केटररचा मॅनेजर आडवा आला, "ओळग बरब्याड्री!" आत येऊ नका म्हणून हात पसरून उभा राहिला. त्यांच्यातल्या गंगव्वानं त्याला कन्नडमध्येच असं काही सुनावलं की तो दोन पावलं मागं सरला. नेमक्या तेव्हाच विहीणबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या.

मी पळत गेले. "अनसाक्का, आज काही करायचं नाही. सगळी माणसं लावलीत मी. आज तुम्ही पावण्या!"

"पावण्या?" अनसाक्का म्हणाली.

"हो. आज नुसतं बसायचं, जेवायचं." सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणाले मी. मान देतेय असंच दाखवलं. मग हळूच म्हणाले, "आणि ती गाठोडी तेवढी मागच्या खोलीत ठेवता का? फोटोत येतील."

त्यांनी ठेवली. शेवटच्या दोन ओळींत चौदा जणी हात मांडीवर ठेवून अक्षता पडेपर्यंत बसून राहिल्या. रिकामे हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. जेवल्या, पानात काही टाकलं नाही. जाताना अनसाक्का माझ्यासमोर उभी राहिली. "बरं झालं लगीन. येतो आमी." सुमे म्हणाली नाही.

आई त्या रात्री माझ्याकडं पाठ करून लुगड्याच्या घड्या घालत बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तीन महिन्यांनी अनसाक्काच्या नातवाचं लग्न निघालं, गावात, दारात मांडव घालून. मी दोन दिवस रजा काढली. बाजारातून नवं पोळपाट-लाटणं आणलं. जुनं सुती लुगडं आईकडून मागून नेसले. रांगेत बसायचं, शेवटची पोळी होईपर्यंत उठायचं नाही, असं ठरवलं होतं. एकदा तिनं "सुमे" म्हणावं, दुसरं काही नको होतं मला.

परसात बायका पुरणपोळ्या लाटत होत्या. आई गेली आणि बसली, तिला कुणी विचारलंही नाही. मी तिच्या शेजारी बसले, उंडा घेतला. पहिली पोळी वाकडी झाली. दुसरी बरी होत होती, तोवर अनसाक्का आली. वाकून तिनं माझ्या हातातलं लाटणं हळूच काढून घेतलं. स्वतःच्या पदरानं माझ्या हाताचं पीठ पुसलं.

"तुमी कशाला? उठा, उठा."

"अनसाक्का, मी पैऱ्याला आलेय."

"व्हय की," ती म्हणाली. आणि मला दंडाला धरून उठवलं.

आईनं मान वर केली नाही. लाटत राहिली.

मांडवात प्लास्टिकची खुर्ची आली, नवी कोरी. बँकेतले कुणी साहेब बसले होते, त्यांच्या शेजारी मला बसवलं. परसातून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं अनसाक्का कोल्ड्रिंकची बाटली घेऊन आली, वर स्ट्रॉ घालून.

"सावकाश घ्या, बाई," ती म्हणाली. "गरम हुतंय न्हवं?"

आणि तिनं पंखा माझ्याकडं वळवला.