टोपल्या उतरवून आलेली गाडी

एकोडीला लग्न होऊन आल्यापासून मी तळ्याच्या पाळीवरच्या देवीला रोज दिवा लावते. पण ती खरंच ऐकते का, ही शंका मनातून कधी गेली नव्हती. त्या उन्हाळ्यात सुनेला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. मुलगा नागपुरात कामावर, गावातल्या गाड्या वरातीबरोबर गेलेल्या आणि अॅम्ब्युलन्स दुसऱ्या रुग्णाला घेऊन निघालेली. सुनेला शेजारणीजवळ सोपवून मी रस्त्याकडे धावले. देवळापुढे हातही जोडले नाहीत. "माह्यानं आता काही होत नाही, तूच पाह्य," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात बांबूच्या टोपल्यांनी भरलेली एक ई-रिक्षा आली. चालवणारी बाईच होती, साकोलीच्या बाजाराला निघालेली शेवंताबाई. मोठा रस्ता खोदलेला, म्हणून ती आमच्या गावातून वळली होती. माझी अवस्था ऐकून ती टोपल्या देवळाच्या ओट्यावर उतरवू लागली.

"अन् तुमचा बाजार?" मी विचारलं.

"बाजार पुढच्या आठवड्यातही भरते, बाई. पोरगी थांबन काय?"

सुनेला घेऊन निघालो. वाटेत ती कळवळली, की शेवंताबाई म्हणायची, "वरड पोरी, जोरानं वरड. या गाडीचा हॉर्न बंद हाय." तशातही सून हसली, आणि मग मलाही हसू आलं. दवाखान्यात पोहोचल्यावर थोड्याच वेळात नातीच्या रडण्याचा आवाज आला. मी बाहेर येईपर्यंत शेवंताबाई निघून गेली होती.

आनंद होताच, पण ती वळली नसती तर, हा विचार पाठ सोडेना. पुढच्या बाजारी मी पेढे घेऊन तिला शोधलं आणि म्हटलं, "मले गाडी शिकवा."

"या वयात कायले?"

"दुसऱ्या कोणाची सून अशी अडकली तर?"

तिनं शिकवलं. शिकताना मी एकदा गाडीसकट भाताच्या तणसीच्या ढिगात शिरले. गाव अजून हसतं. पुढे गावातल्या आमच्या बचत गटातल्या बायाही शिकल्या, आणि आज गटाच्या स्वतःच्या रिक्षा आहेत. बाजाराच्या मालाच्या भाड्यातून त्यांचा खर्च निघतो, चालवणाऱ्या बायांच्या घरी मजुरी जाते, आणि बाळंतिणींना, आजाऱ्यांना फुकट नेता येतं.

हे कसं सुचलं, असं लोक विचारतात. मला काही सुचलं नाही. मी हात टेकले, तेव्हा देवीनं माझे हात कामाला घेतले, एवढंच मला कळतं. आता फोन आला की मी वेळेत पोहोचेन का म्हणून घाबरत नाही. आई, चालवते मी, पोहोचव तू, असं म्हणते आणि किल्ली फिरवते.