माइकवरचा गुप्त शब्द

शाळेच्या सुरक्षा समितीत ठराव कमी साठतात, किस्सेच अधिक. गोदाकाठच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत या समितीची मी सचिव. ठराव माझे, किस्से साऱ्या स्टाफरूमचे!

मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज मोबाइलवर आले. पुरावा काहीच नाही. पण गेटसमोरचा वाहता रस्ता खरा होता. म्हणून मी सुचवले, प्रत्येक घराने एक गुप्त शब्द ठरवावा. मुलाला न्यायला येणाऱ्याला तो सांगता आला, तरच मूल हवाली करायचे.

पालकसभेत हे समजावून मी पाणी प्यायला वळले. तेवढ्यात पालकांनी रांग लावून माइकवर आपापले शब्द जाहीर केले! ‘‘आमचा ट्रॅक्टर!’’ ‘‘आमचा द्राक्षं!’’ चौथीतल्या ईश्वरीची आई सुनीताताई, लासलगावच्या लिलावात कांदा घेणाऱ्या व्यापारी, ठणकावून म्हणाल्या, ‘‘आमचा गुलाबजाम!’’ भोंग्याचे तोंड एसटी थांब्याकडे होते.

‘‘अहो, शब्द गुप्त ठेवायचा होता!’’

‘‘म्हणून तर मॅडम, एकदाच सांगितला!’’ एक पालक म्हणाले.

शब्द बदला, असे मी बजावले. माना डोलल्या, शब्द तेच राहिले.

*

सभेला न आलेले एक आजोबा दुसऱ्याच दिवशी गेटवर अडले. आत नात, हाताची घडी घालून.

‘‘शब्द?’’

‘‘अगं, मी तुझा आजा हाय!’’

‘‘ते काय, कुणीपण म्हणंल!’’

तिच्या आईला फोन लागेपर्यंत आजोबा बाहेर, नात आत, आणि दोघांनी गजांतून एकच भेळ खाल्ली!

*

तपासणीला आलेल्या साहेबांनाही शिपाई नामदेवमामांनी शब्द विचारला.

‘‘मी कोण आहे, माहीत आहे?’’

‘‘माहितीये साहेब. न्यायचं कुणाला, तेवढं सांगा!’’

*

या गुप्त शब्दांवर माझा अजून विश्वास बसत नव्हता. चाचणी म्हणून शिंदे सरांच्या मेहुण्यांना अनोळखी माणूस बनवून पाठवले. थोड्याच वेळात दुसरीची पोरे त्यांच्या गाडीत बसून ‘‘काका, एसी लावा ना!’’ म्हणत होती.

‘‘अरे, शब्द विचारला का?’’

‘‘विचारला की! काकांना येईना, मग आम्हीच सांगितला.’’

*

आणि मग तो खरा दिवस उजाडला. शाळा सुटताना मोटरसायकलवरून एक माणूस आला आणि ईश्वरीला म्हणाला, ‘‘तुझी मम्मी दवाखान्यात आहे. चल लवकर.’’ मी व्हरांड्यातून गेटकडे निघाले.

‘‘शब्द?’’ तिने विचारले.

‘‘गुलाबजाम.’’

शब्द बरोबर होता. माझी पावले मंदावली.

तेवढ्यात ईश्वरी किंचाळली, ‘‘नामदेवमामा, चोर!’’ आणि आत पळाली. नामदेवमामांनी गेट लोटले. माणूस मोटरसायकल टाकून पळाला. थांब्यावरच्या लोकांनी त्याला धरून पोलिसांच्या ताब्यात दिले.

सुनीताताई मार्केटमधून धावत आल्या, धडधाकट. लेकीला पोटाशी धरून उभ्या राहिल्या. मी विचारले, ‘‘शब्द कधी बदललात?’’

‘‘बदलायचा कशाला? गुलाबजाम आमचा नव्हताच. मॅडम, लिलावात मनातला भाव कुणी आधी बोलतं का? पोरीला घरी सांगून ठेवलं होतं, गुलाबजाम म्हणेल तो आपला नाय!’’