विनीने कातरलेला मोर

ऑर्लस्टन हॉल या वाड्याच्या बागेत, मालक मंडळी दुपारचा चहा घेतात त्या चौथऱ्यासमोर, यू नावाचे सदाहरित झाड कातरून केलेला एक मोर आहे. झाड तीनशे वर्षांचे, मोर दोन पुरुष उंच. दर ऑगस्टात मापासाठी दोरी लावून त्याची कातरणी होते. चाळीस वर्षे ती सायलस थर्लबीने केली, त्याच्यानंतर त्याची मुलगी विनी हिने. मी हॉलच्या कचेरीत एकतीस वर्षे आहे. विनीइतके काहीही न विसरणारे माणूस मी पाहिलेले नाही.

१९५८च्या ऑगस्टात मालक ऑबरी डेनिस्टन यांनी पाहुण्यांसमोर सायलसला बोलावले. मोराची मान दोन बोटे कलली होती.

“थर्लबी, समोर उभं असलेलंही तुला दिसत नाही. मग तुझं इथे काम काय?”

पाहुणे हसले. महिन्याभरात सायलसला बागेतले घर सोडावे लागले. गावाबाहेर दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीतल्या एका कुंडीसमोर बसून तो नाताळाआधी गेला.

विनी तेव्हा एकतीस वर्षांची, भाजीच्या वाफ्यांवर कामाला. ती नोकरी सोडेल असे सगळ्यांना वाटले. दफनाच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळी सातला हजर होती. बापाची दोरी कशी लावायची ते तिलाच ठाऊक असल्यामुळे पुढच्या ऑगस्टात शिडी तिच्याकडे आली.

मोर पाहायचा तो चौथऱ्यावरून. गावकरी मात्र बागेत येतात ते चर्चच्या गल्लीतल्या लहान फाटकातून. तिथून मोराची एक बाजू दिसते, जी आतून उंच कुंपणामुळे झाकलेली आहे. ते फाटक नोकरांचे. साहेबांनी जन्मात तिथे पाऊल ठेवले नव्हते.

त्या बाजूला विनी दर वर्षी दोन बोटे कमी-जास्त करत गेली. सहाव्या वर्षी पोस्टमन हॉबडे फाटकात सायकल धरून थबकला. झाडात साहेबांचा चेहरा उमटला होता: वर टक्कल, खाली घारीच्या चोचीसारखे नाक.

“काय गं विनी, साहेबांची दाढी कधी करणार?”

“हनुवटीच नाही, दाढी कशाची करू?”

सगळ्या गावाला कळले आणि सगळे गाव गप्प बसले. १९७१ साली साहेबांनी स्वतः खटपट करून कौन्सिलकडून हुकूम आणला, की या ऐतिहासिक झाडाला कोणी कुऱ्हाड लावायची नाही. त्या दिवशी दारूच्या गुत्त्यात लोक मध्येच हसत आणि एकमेकांना गप्प करत.

१९७७च्या जूनमध्ये बाग लोकांना खुली होती. चर्चमधला कार्यक्रम आटोपून म्हातारे बिशप गल्लीनेच चालत आले, म्हणून साहेबांना स्वागतासाठी त्या फाटकाशी जावे लागले. बिशपनी झाडाकडे पाहिले, मग साहेबांकडे, मग पुन्हा झाडाकडे.

“वा! हुबेहूब. आपल्या वडिलांची कल्पना का?”

साहेब वळले. पाववाल्याच्या बायकोला हसू आवरले नाही, आणि मग अख्खी गल्ली हसली. विनी ढकलगाडी धरून उभी होती. तिने एकेक चेहरा नीट पाहून घेतला. बापाच्या वेळी हसलेल्यांतले तिघे त्यात होते.

संध्याकाळी साहेब तिच्यासमोर आले. मी हजेरीपुस्तक घेऊन तिथेच होतो.

“तू केलंस हे?”

“अठरा वर्षं समोर उभं होतं, साहेब. तुम्हाला दिसलं नाही?”

“उद्याच्या उद्या तोडून टाक!”

“कौन्सिलचा कागद तुम्हीच आणलाय.”

“मग ते नाक तरी उडव!”

“उडवते. पण तेच नाक चौथऱ्यावरून मोराची छाती दिसतं. कापलं तर आत नुसत्या तपकिरी काटक्या. भरून यायला दहा वर्षं लागतील. तुमचं वय काय आता, साहेब?”

“तुला आत्ता कामावरून काढतो.”

“काढा की. दोरी कशी लावायची ते माझ्याबरोबर घरी येईल. दोन वर्षांत तुमच्याकडे मोरही नसेल, फक्त झुडूप असेल.”

साहेब हॉलकडे निघून गेले.

ऑगस्टात त्यांची चिठ्ठी आली: मोराची कातरणी नेहमीप्रमाणे व्हावी. मीच ती विनीला नेऊन दिली. तिने वाचून खिशात घातली, शिडी गल्लीकडच्या बाजूला लावली आणि सगळ्यात आधी हनुवटी आणखी दोन बोटे आत घेतली.