मूलच्या मंडळीतली दारूबंदी

आमच्या मूल गावच्या चर्चमध्ये मी पेटी वाजवायचो. आता जुन्या मंडळींपैकी दोघं जरी भेटले, तरी तिसऱ्या मिनिटाला ऐंशीच्या दशकातले आमचे पाळकसाहेब आणि त्यांची दारूबंदी निघतेच. एक किस्सा संपत नाही, तोवर दुसरा म्हणतो, "अन् ते कांद्याचं?"

पाळकसाहेब नगरकडचे. मोहाची दारू आमच्या भागात घरोघरी मुरलेली. त्यांनी पहिल्याच रविवारी विचारलं, "दारू सोडायची इच्छा कोणाला आहे? हात वर करा."

एकही हात वर नाही!

तेवढ्यात मार्थाबाई बायकांच्या बाजूने उठल्या, पुरुषांत शिरल्या आणि नवऱ्याचा, याकोबभाऊंचा हात धरून वर केला. "हात याचाच हाये साहेब. मी फक्त धरून राह्यली!"

*

वास लपवायला काही जण कच्चा कांदा खाऊन उपासनेला येत. एकदा मागची अख्खी ओळ तशीच आली. पाळकसाहेब प्रवचन थांबवून म्हणाले, "बाजारात कांदा फारच स्वस्त झालेला दिसतो!"

*

याकोबभाऊंनी खरंच सोडली. पाळकसाहेबांनी त्यांना, प्रभूने दारू कशी सोडवली याची साक्ष द्यायला उभं केलं. भाऊ राइस मिलमध्ये हमाल, पण बोलायला बहारदार! पहिल्या धारेची कशी असते, सोबत भाजलेली मासोळी कशी लागते... ऐकता ऐकता पुरुष ओठ चाटायला लागले.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "भाऊ, आता प्रभूकडे या."

"येऊन राह्यलो साहेब, मासोळी संपू द्या!"

*

प्रभुभोजनाच्या विधीत सगळ्यांत फिरणाऱ्या प्याल्यात खरा द्राक्षारस, म्हणजे वाइनच असायची. प्याला जवळ आला की याकोबभाऊ तोंड फिरवून तो तसाच पुढे सरकवायचे. पाळकसाहेब म्हणाले, यापुढे मनुका उकळून त्याचं पाणी देऊ. मंडळीचे पंच भडकले. "एका माणसासाठी सगळ्यायचा प्याला बदलाचा?"

कोपऱ्यातून राहेलआजींनी विचारलं, "काऊन रे, प्रभूच्या गोष्टीत शंभरातले मेंढरू किती हरवले होते?"

पुढच्या रविवारी मनुकांचं पाणी आलं.

*

तरीही एका उन्हाळ्यात याकोबभाऊ घसरले. त्या रविवारी पिऊनच आले, पण आत येईनात. बाहेर पायरीवर मान खाली घालून बसले.

पाळकसाहेब प्रवचन सोडून बाहेर गेले. "चला भाऊ, आत."

"नाई साहेब. माह्या तोंडाले वास येऊन राह्यला."

"मग आज उपासना इथेच." पाळकसाहेब त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

आम्ही सतरंजी ओढत बाहेर आणली. मी पेटी उचलली. राहेलआजी डोक्यावर पदर घेऊन तापल्या फरशीवर बसल्या. मार्थाबाई तेवढ्या दारातच उभ्या होत्या, नवऱ्याकडे पाठ करून.

"प्रार्थना कोण करेल?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मग याकोबभाऊंनीच अडखळत हात जोडले. "देवा, माह्यापायी हे सगळे उन्हात बसून राह्यले. यायले आत ने."

मार्थाबाई गर्रकन वळल्या. डोळे भरलेले, आवाज मात्र चढलेला.

"तू उठ ना पहिले! मंग सगळे उठतीन!"