नारूच्या गावात खोली

नांदेडच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत असताना अप्पांनी मला एकच प्रश्न तीनदा विचारला, आणि तो मुलाखतीबद्दल नव्हता.

"निवड झाली तर राहायचं कुठं?"

"अप्पा, आधी निवड तर होऊ द्या. बाजारात तुरी अन्..."

"तुरीचं मला सांगू नको," असं म्हणून त्यांनी फिरकीचा तांब्या माझ्या हातात दिला. बिलोलीहून आणलेलं पाणी होतं त्यात, आईनं उकळलेलं.

अप्पा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. जन्मभर बदल्या झाल्या. नव्या गावात गेलं की आधी खोली शोधायची, आणि खोलीवाला आधी आडनाव विचारायचा. समोर कुलूप लावलेली मोकळी खोली दिसत असायची आणि मालक म्हणायचा, "गुरुजी, रिकामी न्हाई हो." आम्ही बौद्ध. पोरांना शिकवायला मास्तर चालायचा, भाडेकरू म्हणून नाही. त्यामुळे अप्पांना माझ्या डॉक्टरकीच्या परीक्षांची कधी काळजी वाटली नाही, पण राहायचं म्हटलं की ते तेच तेच विचारत राहायचे.

आणि जिच्या मुलाखतीला मी निघाले होते त्या फेलोशिपची गंमत अशी की तिच्यात राहणंच मुख्य होतं. एक संस्था एका वैद्यकीय विद्यार्थ्याला नव्या लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात सहा महिने ठेवणार, तिथल्या एका रोगावर संशोधन करायला लावणार. अट एकच. मुक्काम त्याच गावात, गावकऱ्यांच्या घरात, आणि सोय ज्याची त्याने करायची. मी विषय घेतला होता नारूचा. नारू म्हणजे पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा किडा. विहिरीतलं पाणी प्यालं की त्यातल्या बारीक किड्यांवाटे तो पोटात जातो, वर्षभरानं पायाला फोड येतो, आणि माणूस तो पाय घेऊन पुन्हा त्याच विहिरीत उतरला की फोडातून किड्याची पिल्लं पाण्यात पडतात. दुष्काळात तर सगळं गावच तळाशी उतरतं.

अप्पा स्टँडवर मागे राहिले. गाडी सुटली तेव्हा गोदावरीचं पात्र खिडकीतून दिसलं. निम्मी वाळू, निम्मे धोब्यांचे कपडे. लोहा गेलं, अहमदपूर आलं. बाहेर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. काळी रानं भेगाळलेली, बाभळीसुद्धा राखी रंगाच्या. एका माळावर जनावरांची छावणी होती आणि तिच्यात देवणीचे दोन बैल, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, बरगड्या मोजता याव्यात असे. माझ्या शेजारचे एक आजोबा त्यांच्याकडे बघून उठून उभेच राहिले, आणि गाडी पुढे गेली तरी बसले नाहीत.

कंडक्टर मात्र खुशीत होता. "लातूर म्हणू नका ताई," तिकीट फाडत तो म्हणाला, "जिल्हा म्हणा. आता उस्मानाबादला खेटे घालायची गरज न्हाई."

"पाऊस पण जिल्ह्याला मिळाला का?" मी विचारलं. माझं तोंड लहानपणापासून असंच आहे, डोक्याच्या आधी चालतं.

"त्ये अजून मंजूर व्हायचंय," तो म्हणाला.

चाकूरच्या अलीकडे इंजिनातून वाफा निघाल्या आणि गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला एक गाव होतं. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण नारूचं गाव म्हणून बोभाटा झाला की तिथल्या पोरींच्या सोयरिकी अडतात. ड्रायव्हर कॅन घेऊन बारवेकडे (पायऱ्यांच्या विहिरीकडे) गेला. तिथं बायकांनी त्याला असं काही फैलावर घेतलं की रस्त्यापर्यंत ऐकू आलं. माणसाला घोटभर मिळेना आणि ह्याला इंजिनाला पाजायचंय. बाया पायऱ्या उतरून गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. एकीच्या पोटरीला चिंधी बांधलेली होती आणि ती चिंधी पाण्यात होती. पुस्तकातलं चित्र माझ्यासमोर चालत होतं, आणि मला एकाच वेळी वाईट वाटलं आणि माझा विषय बरोबर निघाला म्हणून बरंही वाटलं. दुसऱ्याचा रोग बघून बरं वाटावं, अशी ही आमची विद्या.

रस्त्यालगतच्या घराच्या ओट्यावर मी टेकले. आतून एक म्हातारी बाई आल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग. लिंगायत वाण्याचं घर.

"उन्हाची बसलीस पोरी. पानी पी."

दुष्काळातसुद्धा दारातल्या माणसाला आधी पाणी. माझ्या तांब्यात पाणी होतं, पण नको म्हणणं मला जमलं नाही. त्यांनी घागर आणि घरातला तांब्या आणला, आणि मी त्यांच्या हाताकडे बघत बसले. लहानपणी अप्पांबरोबर हिंडताना मला सवय लागली आहे, पाणी कसं देतात ते बघायची. वरून ओंजळीत ओततात की भांडं हातात देतात.

आक्का (सगळं गाव त्यांना आक्काच म्हणायचं) थांबल्या. दांडीवरचं पांढरं फडकं काढलं, घडी घालून तांब्याच्या तोंडावर धरलं आणि त्यातून पाणी ओतायला लागल्या. हिनं ओळखलं, हे माझ्यासाठी काहीतरी वेगळं चाललंय, असं मनात आलं. उठून जायच्या तयारीतच होते मी.

मग त्यांनी त्याच फडक्यातून स्वतःच्या भांड्यातही ओतलं, आणि दोन्ही भरल्यावर तांब्या माझ्या हातात दिला.

"असं का करता आक्का?"

"गाळल्याबिगर आमच्यात कुणी पीत न्हाई. लिंगाला बी गाळूनच लागतं. माज्या सासूनं लावलेली शिस्त हाय."

मी तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली घेतला. "तुमच्या घरात नारू कुणाला झाला?"

"आमच्यात? न्हाई बा." त्यांनी बारवेकडे हात केला. "तिकडल्या आळीत घराघरात हाय."

"आणि तिकडं गाळत नाहीत?"

"त्यांच्यात न्हाई रीत. ज्याची त्याची रीत." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नाव काय तुजं?"

"उज्ज्वला."

"कुणाची?" असं त्यांनी विचारलं आणि तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी पाणी संपवलं आणि पळाले. पुढच्या सगळ्या रस्त्यात ते फडकं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पाणी गाळलं की नारू टळतो हे मला पाठ होतं. पण नारूच्या गावात, देवासाठी म्हणून का होईना, रोज पाणी गाळणारं घर असेल हे मला सुचलंच नव्हतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, त्यामुळे सगळं गाव नव्या रंगात. गंजगोलाईत हिंडताना मी पाट्याच वाचत होते. जिल्हा टेलर्स, जिल्हा सायकल मार्ट, आणि एका न्हाव्यानं तर जिल्हास्तरीय केशकर्तनालय असं लिहिलं होतं. हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट नाश्ता) मागवला. पाणी मात्र मागितल्याशिवाय देत नव्हते.

मुलाखतीला माझ्याबरोबर पुण्याची दोन मुलं होती, टाइप केलेले कागद, कडक इस्त्री. माझे कागद हातानं लिहिलेले आणि साडीवर एसटीची धूळ. आत तिघं डॉक्टर बसले होते. त्यातल्या चष्मेवाल्या सरांनी माझा प्रस्ताव चाळला.

"गाळायचं कापड सरकारही वाटतं. लोक त्यात गूळ बांधतात. तुम्ही काय वेगळं करणार?"

प्रस्तावात मी प्रबोधन करणार असं लिहिलं होतं. तो शब्द ओठांवर आला आणि मी तो गिळला.

"सर, मी येताना एक घर बघितलं. तिथं देवाच्या नेमापायी पाणी गाळतात. त्या घरात नारू नाही. बारवेपलीकडच्या आळीत गाळत नाहीत, तिथं घरोघरी आहे. पाणी एकाच बारवेचं. मला नवं कापड वाटायचं नाही. या घरातली रीत त्या आळीत कशी जाईल, कशानं अडते, ते बघायचंय."

"एका घरावरून निष्कर्ष काढता?"

"नाही सर, म्हणूनच तर राहायचंय. एका घरावरून कळलं असतं तर फेलोशिप कशाला मागितली असती?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण कोपऱ्यातल्या डॉक्टर बाई हसल्या, मग चष्मेवाले सरही हसले. संध्याकाळी शिपायानं नाव पुकारलं ते माझं होतं. मी खुर्चीतून उठले ते नीट उठलेच नाही, पिशवीत पाय अडकून पडता पडता राहिले, आणि पुण्याच्या पोरानंच मला सावरून हात मिळवला.

"सोमवारपर्यंत राहायची जागा पक्की करा," सर म्हणाले. "नाही झाली तर पुढच्या नावाला द्यावी लागेल." लगेच अप्पांचा चेहरा आठवला.

परतीच्या गाडीतून मी त्याच गावात उतरले. आक्का ओट्यावर डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, संशोधन, सहा महिने, नारू. मागची खोली रिकामी होती, कुलूप लावलेली. मला दिसत होती.

"ऱ्हा की मग," आक्का म्हणाल्या. "मला बी सोबत."

इथंच हो म्हणता आलं असतं. पण सहा महिने आडनाव लपवून कुणाच्या पाण्याचा अभ्यास करायचा?

"आक्का, आधी ऐका. आम्ही बौद्ध आहोत." आणि आडनाव सांगितलं.

त्यांचा हात सुपातच राहिला. मी पिशवी जवळ ओढली आणि पुढची गाडी किती वाजता असेल याचा विचार करायला लागले.

"हाव (बरं)," शेवटी त्या म्हणाल्या. "सारवायला पानी न्हाई. खोली तशीच घ्यावी लागंल."

मग उठून त्यांनी दांडीवरचं फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"पूजेची येळ झाली. माजे हात कापायलेत आताशा. तू गाळ."

मी हात धुतले, घागर उचलली. फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडून नीट घातली. पाणी हळूहळू उतरलं. आक्कांनी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, मी गाळलेलं पाणी त्यांनी पळीनं त्याच्यावर घातलं आणि डोळे मिटले. मी तिथंच घागर धरून उभी राहिले. मला रडू आलं आणि मी डोळे पुसले नाहीत.

बिलोलीला पोचले तेव्हा अप्पा दारातच होते.

"खोली मिळाली," मी म्हणाले.

"आडनाव सांगितलंस?"

"सांगितलं."

"खोली मिळाल्यावर, का आधी?"

"आधी, अप्पा."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, तो डोळ्यांवर चढवला आणि आत वळून आईला हाक मारली, "अगं ऐकलंस का, पोरीला खोली मिळाली." मग शेजारी जाऊन सांगितलं, पलीकडच्या घरी सांगितलं. फेलोशिपचं काय झालं, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.